येरेमेयचे बूट

लिस्तव्यांकाच्या धक्क्यावर बोट उलटी करून ठेवलीय,
तिच्या पोटावर मांजर झोपलंय.
म्हणजे मोसम संपला.
आता बर्फ धरेपर्यंत कोतीला जायचं
तर वाहन एकच, हे पाय,
आणि पायांत येरेमेयचे बूट.

लुकेर्याचा निरोप दुकानदाराच्या तोंडून आला:
केशाला म्हणावं, बूट आणून दे.
कशाला, ते नाही.
बहीण माझी. विचारायची सोय नाही.

सातला गावामागचा चढ धरला.
लार्चच्या पिवळ्या सुया गळतायत
थर्मासवर, टोपीवर, भुवईत.
बूट एक नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.
चढावर बोळे गप्प असतात.
उताराला लागलो की दर पावलाला
चुरचुरत काहीबाही सांगतात,
मागच्या वर्षीच्या बातम्या,
ज्या मी तेव्हाही वाचल्या नव्हत्या.

खिंड ओलांडली आणि तो दिसला.
आम्ही त्याला समुद्रच म्हणतो.
येरेमेय म्हणायचा, तळं म्हणालास
तर जाळं रिकामं येईल.
त्याचं जाळं तसंही
रिकामंच यायचं बऱ्याचदा.

पुढे वाट वीतभर होते.
डावीकडे कडा, खांद्याला घासणारा,
उजवीकडे काहीच नाही, आणि खूप खाली निळं.
इथे मी विचार करणं थांबवतो, बुटांवर सोडतो.
अंगठ्यामागे चामड्याला जी घडी पडलीय
ती माझी नाही.
माझा पाय मोडतो तो त्याच्या घडीवर,
तो जिथे मोडायचा तिथेच.

लोकांना वाटतं समुद्रानं नेला.
नाही.
मार्चमध्ये, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून,
खोकून खोकून.
तिसऱ्या दिवशी लुकेर्यानं बूट माझ्याकडे ढकलले,
मापाचे असतील तर घाल.
मी म्हटलं, अगदी मापाचे.

दुपारी शहरातली दोन पोरं भेटली, उलटीकडून येणारी,
मुलीची टाच सोललेली, मुलगा फोन आकाशाकडे धरून.
काका, लिस्तव्यांका अजून किती?
हे काय, जवळच.
या वाटेवर सगळेच खोटं सांगतात,
नाहीतर कोणी पोचायचं नाही.
मुलीनं चॉकलेटचा तुकडा दिला
आणि विचारलं, कोती म्हणजे मांजरंच ना?
मांजरंच, म्हटलं.
जुनी माणसं वेगळं सांगतात:
तिथे कैद्यांसाठी पायताणं शिवायचे,
त्या पायताणांना म्हणायचे कोती.
पण तिची टाच पाहून
पायताणांचा विषय नको वाटला.

खडकावर गुडघे टेकून पाणी प्यालो.
ओंजळ तीन वेळा भरली, चौथ्यांदा बोटंच सापडेनात.

कोतीत शिरलो तेव्हा धुरांड्यांतून धूर सरळ वर चाललेला.
लुकेर्या बटाटे सोलत होती.
ये म्हणाली नाही. सुरी खाली ठेवली,
माझ्या पायांकडे पाहिलं,
स्टूल पुढे केलं, स्वतःच नाड्या सोडल्या.
बोळे एकेक उपसून चुलीत टाकले.
मग बुटात हात घातला
कोपरापर्यंत,
आणि तसाच ठेवला.
बटाट्याचं पाणी उतू गेलं. मी उठलो नाही.

टाच उसवलीय, म्हणाली ती.
दोन उन्हाळे म्हणत होते त्याला, काढून दे, शिवते.
काढायचाच नाही.

दाभण, मेणाचा दोरा, सीलच्या चरबीची डबी,
सगळं आधीच काढून ठेवलेलं होतं.
तिनं शिवलं. मी जेवलो. ओमूल खारट होता,
मी म्हटलं, छान झालाय.

रात्री लघवीला उठलो
तर बूट दाराशी, टाचा आत, तोंडं बाहेर,
चरबीनं चकाकणारे.
वाकून आत चाचपलं.
बोळे नव्हते. जागा मोकळी.
तिचे जुने नमद्याचे बूट घालून अंगणात गेलो,
टाचा बाहेर लोंबत्या.
समुद्र अंधारात गोटे सरकवत होता.

सकाळी मी काय घालून परत जाणार,
हा विषय
तिनंही काढला नव्हता,
मीही नाही.